प्राण्यांच्या नावांची आसने: एका मराठी पत्तेसंचाचे परीक्षण

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातील एका दुकानात योगासनांच्या पत्त्यांचा एक मराठी संच पाहण्यात आला आणि विषय आवडीचा असल्याने लगेच घेतला. ज्यांच्या नावात प्राणी आहे अशी चोवीस आसने, प्रत्येकासाठी एक पत्ता, पत्त्याच्या एका बाजूस प्राणी व दुसऱ्या बाजूस आसनस्थ माणूस, सोबत एक लहान माहितीपुस्तिका, अशी संचाची रचना असून किंमत ६५० रुपये आहे. प्रकाशकाचे नाव येथे मुद्दामच देत नाही, कारण पुढे ज्या उणिवा सांगणार आहे त्या मी चाळलेल्या अशा इतर संचांतही कमीअधिक प्रमाणात दिसल्या.

संचामागील कल्पना उत्तम आहे आणि तिला ग्रंथांचा भक्कम आधारही आहे. घेरंडसंहिता या हठयोगावरील संस्कृत ग्रंथाच्या दुसऱ्या उपदेशाच्या, म्हणजे अध्यायाच्या, आरंभीच असे म्हटले आहे की, जगात जितक्या जीवजाती तितकी आसने असून शिवाने चौऱ्याऐंशी लक्ष आसने सांगितली, त्यांतील चौऱ्याऐंशी श्रेष्ठ आणि मर्त्यलोकात बत्तीस शुभ होत. या बत्तिसांची यादी पाहिली, तर सिंह, गोमुख, मत्स्य, मयूर, कुक्कुट, कूर्म, मंडूक, गरुड, वृष, शलभ, मकर, उष्ट्र, भुजंग आणि कूर्म-मंडूकांचे ‘उत्तान’ प्रकार धरून पंधरा नावे प्राण्यांची भरतात. पंधराव्या शतकातील हठप्रदीपिका या हठयोगाच्याच दुसऱ्या ग्रंथात पंधराच आसने आहेत आणि त्यांत अशी नावे सहा आहेत. आज घरोघरी केले जाणारे भुजंगासन त्यांत नाही. पुस्तिकेच्या पहिल्या दोन पानांवर यातील बराच भाग नीट मांडला आहे आणि तेवढ्यापुरती ती वाचनीय आहे.

मात्र पुस्तिकेने जो धागा हाती धरायला हवा होता, तो तिने सोडून दिला आहे. पतंजलींच्या ‘स्थिरसुखमासनम्’ या सूत्रावरील व्यासभाष्यात क्रौंचनिषदन, हस्तिनिषदन आणि उष्ट्रनिषदन (क्रौंच पक्षी, हत्ती व उंट यांचे बसणे) अशी तीन नावे येतात, आणि त्यांवर भाष्याचे टीकाकार वाचस्पती मिश्र सांगतात की, क्रौंच वगैरे प्राणी बसलेले असताना त्यांची ठेवण पाहून ही आसने समजून घ्यावीत. प्राणी आणि आसन यांचे नाते कसे पाहायचे, याची इतकी स्वच्छ सूचना उपलब्ध असताना चित्रकाराने उष्ट्रासनाच्या पत्त्यावर वाळवंटात धावणारा उंट रंगवला आहे. पुढचे पाय गुडघ्यांत दुमडून खाली बसणारा उंट काढला असता, तर गुडघ्यांवर उभे राहून मागे वाकण्याच्या आजच्या आसनाशीही त्याचा काही मेळ बसला असता. घेरंडसंहितेतील उष्ट्रासन तर पालथे पडून, पाय मागे दुमडून, ते हातांनी धरून करायचे आहे. म्हणजे एकाच उंटाच्या नावावर निरनिराळ्या काळी निरनिराळी आसने जमा झाली आहेत, ही खरी गंमत. पण पत्त्यावर तिचा मागमूसही नाही.

कूर्मासनाच्या पत्त्यावर याहून मोठा घोटाळा आहे. खाली हठप्रदीपिकेतील श्लोक छापला आहे. त्यात घोटे उलटसुलट ठेवून त्यांनी गुदद्वार दाबून बसावे, असे सांगितले आहे. वरच्या चित्रातील माणूस मात्र पाय दोन्हीकडे लांब पसरून, हात मांड्यांखालून बाहेर काढून, छाती जमिनीला टेकवून पडला आहे. दोन्ही आसनांना कूर्मासनच म्हणतात, हे मान्य. परंतु श्लोक एकाचा आणि चित्र दुसऱ्याचे, हे संपादकाच्या नजरेतून सुटायला नको होते. बकासनाच्या पत्त्यावर तर चक्क कावळा आहे. इंग्रजीत या आसनाला बरेच जण कावळ्याचे नाव देतात, तेव्हा चित्र कुठून आले हे उघड आहे, पण ज्या मुलांनी भाताच्या खाचरात बगळा पाहिला आहे त्यांना ते कसे पटवून द्यायचे? शलभासनावर फुलपाखरू आहे. पालथे पडून, छातीजवळ तळवे टेकवून, पाय वीतभर वर उचलायचे हे ग्रंथातील वर्णन वाचले, की मागचा भाग उचलून बसलेला टोळच डोळ्यांसमोर येतो.

चांगल्या पत्त्यांत कुक्कुटासनाचा पत्ता मला सर्वांत सरस वाटला. पद्मासन घालून मांडी आणि पोटरी यांच्या फटीतून दोन्ही हात खाली सरकवायचे, तळवे जमिनीवर रोवायचे आणि सगळे अंग उचलायचे, अशी ती कृती आहे. चित्रकाराने कोंबड्याच्या फाकलेल्या नख्या आणि माणसाची पसरलेली बोटे अगदी एकाच कोनातून काढली आहेत, त्यामुळे बारीक पायांवर तोललेले गोल अंग हे साम्य सांगावे लागत नाही. मत्स्येंद्रासन या संचात यायला नको होते, कारण ते नाव माशाचे नसून नाथसंप्रदायाच्या आदिगुरूंचे आहे. तरी माशाच्या पोटात राहून त्यांनी शिवाचा उपदेश ऐकला, ही कथा मराठी घरांत नवनाथांच्या पोथीमुळे इतकी परिचित आहे, आणि ज्ञानेश्वरीच्या अखेरीस गुरुपरंपरा सांगताना ज्ञानदेवांनीही तिचा उल्लेख केला आहे, की या चुकीबद्दल मी फारशी तक्रार करणार नाही.

तक्रार करायची ती मयूरासनाबद्दल. चित्रात पिसारा फुलवलेला मोर आहे. कोपरे बेंबीच्या दोन्ही बाजूंना रोवून अंग काठीसारखे आडवे उचलायचे, या स्थितीशी मिटलेला लांब पिसारा मागे ठेवणारा मोर जुळतो, फुललेला नव्हे. पण तेही सोडून देऊ. हे आसन कालकूट विषसुद्धा पचवते, असे हठप्रदीपिकेत म्हटले आहे. साप खाणाऱ्या मोराच्या कीर्तीशी ते सुसंगत आहे आणि जठराग्नीची स्तुती म्हणून वाचण्यासारखेही आहे. संचात मात्र ‘लाभ’ या मथळ्याखाली ‘विष पचते’ एवढेच दोन शब्द छापले आहेत. मुलांच्या हाती जाणाऱ्या वस्तूवर हे अक्षम्य आहे. शिवाय मनगट दुखावलेल्यांनी, गर्भवतींनी किंवा रक्तदाब असलेल्यांनी हे आसन करू नये, अशी एक ओळही कुठे आढळत नाही.

अधोमुख श्वानासनाच्या पत्त्यावर ‘हजारो वर्षांपूर्वी आळस देणारा कुत्रा पाहून ऋषींना हे आसन सुचले’ असे ठणकावून सांगितले आहे. घेरंडसंहिता आणि हठप्रदीपिका या दोहोंतही हे आसन नाही. कपाल कुरंटक यांच्या हठाभ्यासपद्धतीत याच्याशी जुळणारी स्थिती येते, पण तिथे तिला गजासन म्हटले आहे, आणि विशेष म्हणजे या ग्रंथाचे हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. ते दुकानापासून फार दूर नाही. आपल्याकडे सूर्यनमस्कार घालणारे कित्येक जण याच स्थितीला पर्वतासन म्हणतात, याचीही नोंद हवी होती.

छपाई स्वच्छ आहे, कागद मात्र पातळ असून त्यावरील चकचकीत थरामुळे दिव्याखाली मजकूर वाचताना पत्ता सारखा तिरका करावा लागतो. शिक्षकाच्या हाताशी, वर्गात गोष्टी सांगण्यासाठी, हा संच चालेल. आसने शिकण्यासाठी तो घेऊ नये. मुलांना द्यायचा असेल तर मयूरासनाचा पत्ता आधी बाजूला काढून ठेवावा.