नेहमीची केमो की नॅनोकणांतून औषध?

गुऱ्हाळात काहिलीपाशी भाजलेल्या जुन्या व्रणावर न भरणारी जखम राहिली, तर तिथं त्वचेचा कर्करोग होऊ शकतो. कोल्हापूरकरांनी हे ध्यानात ठेवावं. बहुतेकदा शस्त्रक्रियेनं भागतं. आजार पसरला असेल तर काही रुग्णांत रेडिएशनसोबत केमोचा विचार होतो.

नेहमीचा मार्ग म्हणजे शिरेतून सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध. ते पेशीच्या डीएनएला चिकटतं, मग किरणांनी झालेली मोडतोड पेशीला नीट दुरुस्त करता येत नाही. पण औषध अंगभर फिरतं. उलट्या, किडनीवर ताण, कानात आवाज. म्हणून तर आधी नि नंतरही सलाईन चढवतात.

नॅनोकणांचा डाव वेगळा. साधारण 100 नॅनोमीटरच्या, म्हणजे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढ्या कणात औषध भरायचं. गाठीच्या रक्तवाहिन्या गळक्या, तिथून ते आत झिरपावं ही अपेक्षा. कण सोन्याचे असतील तर ते एक्स-रे जास्त शोषून तिथंच इलेक्ट्रॉन सोडतात, म्हणजे माराही गाठीतच वाढतो. कागदावर एकदम भारी! पण प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या 2016 मधल्या आढाव्यात, टोचलेल्या मात्रेपैकी मध्यक (आकडे क्रमानं लावल्यावर येणारा मधला) 0.7 टक्केच गाठीत पोचल्याचं दिसलं. बरेचसे कण यकृत-प्लीहेत अडकतात.

त्वचेची गाठ हाताशी असते, कण थेट तिच्यात टोचता येतात, ही जमेची बाजू खरी. तरी आज घरच्या माणसासाठी, किडनी धड असेल तर, मी आधी सिस्प्लॅटिनबद्दलच डॉक्टरांना विचारेन. नॅनोकण रीतसर चाचणीतून मिळत असतील तर गोष्ट वेगळी.