‘परका माणूस आम्हीच आणतो’ म्हणणारा डॉग ट्रेनर

कुत्र्याला अनोळखी माणसावर भुंकायला शिकवतो, अशी जाहिरात मुलुंड-भांडुपकडच्या सोसायट्यांच्या वॉट्सअॅप ग्रुपवर अधूनमधून येते. आम्हाला फसवणाऱ्याचं नाव इथे लिहीत नाही. एक तर तक्रार चालू आहे, आणि ते नाव खरं होतं का याचीच मला शंका आहे. त्याची पद्धत मात्र सविस्तर लिहिते.

मे महिन्यात अर्धी सोसायटी गावाला गेलेली असताना शेजारच्या बिल्डिंगमध्ये भरदुपारी घरफोडी झाली. आम्ही तळमजल्यावर राहतो. दुपारी घरात फक्त सासूबाई आणि बंड्या. बंड्या म्हणजे दीड वर्षाचा लॅब्रॅडॉर. गॅसवाला येवो, मीटर बघणारा येवो, सगळ्यांचं स्वागत शेपूट हलवूनच. सासूबाईंचं म्हणणं एवढंच होतं, "चावायला नको गं बाई, पण कोणी आलं तर ओरडावं तरी."

ट्रेनर आला तो ट्रॅकसूट घालून, मोबाइलमध्ये जर्मन शेफर्डचे व्हिडिओ घेऊन. सासूबाईंना पहिल्याच वाक्यात 'काकू' म्हणाला, चहा मागून घेतला, आणि बंड्याही त्याच्याजवळ जाऊन बसला (बंड्या कोणाहीजवळ जाऊन बसतो, हे वेगळं). १८,००० रुपये ठरले. अर्धे आधी, अर्धे नंतर. "रिझल्ट बघा ताई, मगच बाकीचे द्या." या एका वाक्यावर माणूस निर्धास्त होतो. अटी दोनच. ट्रेनिंग मागच्या पार्किंगमध्ये होणार आणि तेव्हा घरच्यांनी समोर यायचं नाही, "मालक दिसला की कुत्र्याचं लक्ष उडतं." आणि परका माणूस तो स्वतः आणणार, "तुमच्या ओळखीचा कोणी वापरला तर कुत्रा कन्फ्यूज होतो."

जून संपता संपता डेमो झाला. बाहेर पाऊस, बेल वाजली, दारात पिवळा रेनकोट आणि काळं हेल्मेट घातलेला पोरगा. बंड्या असा भुंकला की वरच्या मजल्यावरून माणसं डोकावली. मिस्टरांनी हौसेने व्हिडिओ काढला. सासूबाईंनी ट्रेनरच्या हातावर पेढा ठेवला, मी उरलेले ९,००० यूपीआयने पाठवले. स्क्रीनवर भलत्याच बाईचं नाव आलं, तर म्हणाला, वहिनीचं अकाउंट आहे.

त्यानंतर घरात वेगळंच सुरू झालं. मुंबईत जुलैत रेनकोट-हेल्मेट घातलेला माणूस म्हणजे काय, तर दर दुसरा डिलिव्हरी बॉय. त्यातला कोणी दिसला की बंड्या भुंकत भुंकत सोफ्यामागे शिरायचा, एकदा तर तिथेच लघवी केली. आणि एका दुपारी साध्या शर्ट-पँटमधला, कधीही न पाहिलेला माणूस आरओ दुरुस्तीचं विचारत आला, त्याचे बंड्याने हात चाटले. म्हणजे चोराने रेनकोट नाही घातला तर आमच्याकडे त्याचा पाहुणचार ठरलेलाच.

ट्रेनरला फोन केला तर तो मुळीच गडबडला नाही. "जोश जास्त झालाय ताई, आता कंट्रोल कोर्स करावा लागेल." त्याचे १२,००० वेगळे. आधी दुखणं विकायचं आणि मग त्याचंच औषध, हा त्याचा खरा धंदा. असे किती जणांनी भरले असतील देव जाणे.

आमचा कोर्स इथेच थांबला तो वॉचमनमुळे. त्याने मिस्टरांना बाजूला घेऊन सांगितलं, साहेब, पार्किंगच्या कॅमेऱ्यात बघून घ्या. सेक्रेटरींनी फुटेज काढून दिलं. बंड्याला खांबाला बांधलंय. तोच पोरगा, तोच पिवळा रेनकोट, तेच हेल्मेट. तो समोर येतो, ओल्या टॉवेलचा पीळ करून कुशीवर फटका मारतो, पंजावर बूट ठेवतो. कुत्रा केकाटतो, मग भुंकतो. भुंकला की पोरगा मागे सरकतो आणि ट्रेनर बिस्किट देतो. हेच पुन्हा पुन्हा. सासूबाईंनी अर्धंच पाहिलं आणि उठून आत गेल्या.

आता डेमोचा अर्थ लागतो. दारात आलेला माणूस बंड्याला परका नव्हताच, घरातल्या माणसांनंतर सगळ्यात जास्त ओळखीचा तोच होता. कुत्र्याचं नाक लक्षात घ्या, दार उघडायच्या आधीच फटीतून त्याला वास आला असणार. आपण टाळ्या वाजवत होतो ते त्याच्या भीतीला.

आमच्या व्हेटनी डेमोचा तोच व्हिडिओ आवाज बंद करून दाखवला. आवाज बंद केला की सगळं दिसतं. कान मागे पडलेले, शेपूट पायात, आणि प्रत्येक भुंकण्याबरोबर कुत्रा एक पाऊल मागे जातोय. राखण करणारा कुत्रा दाराकडे जातो, अंग ताठ असतं, आणि मध्येच घरच्या माणसाकडे वळून बघतो. घाबरून भुंकणारा कुत्रा कोपऱ्यात सापडला तर चावू शकतो, आणि चावला तर प्रकरण मालकावर येतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे पाळलेल्या प्राण्याबाबतच्या निष्काळजीपणाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ट्रेनर तोवर नंबर बदलून मोकळा.

खऱ्या पद्धतीत मारहाण कुठेच नाही. बरेच कुत्रे बेलच्या आवाजाला आपसूक एखाद-दोनदा भुंकतातच. कोणीतरी बाहेरून बेल वाजवायची, त्याच्या जरा आधी "बोल" म्हणायचं, कुत्रा भुंकला की लगेच खाऊ. हे जमलं की "बस", म्हणजे "पुरे, गप्प", शिकवायचं. त्यासाठी खाऊ नाकाजवळ धरायचा. वास घेताना कुत्र्याला भुंकता येत नाही, तो गप्प झाला की खाऊ द्यायचा. बेल वाजवायला दर वेळी वेगळा माणूस, वेगळे कपडे, आणि तो तुम्ही बोलावलेला. लॅब्रॅडॉर ही मुळात शिकारीत पडलेला पक्षी उचलून आणून देणारी जात. त्याच्याकडून डॉबरमनची अपेक्षा करू नका, असंही व्हेट म्हणाले. एका आवाजाने चोर बिचकतो, तेवढं पुरतं. सेफ्टी डोअर आणि पीपहोल आम्ही लगेच बसवून घेतले, ट्रेनरच्या निम्म्या पैशात.

तक्रारीचं सांगते. पोलिसांकडे फुटेज घेऊन गेलो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० चा, कलम ११ मध्ये मारहाण स्पष्ट लिहिलेली आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये! हवालदारांनाच तो आकडा वाचताना कसंतरी झालं. पैशांसाठी ग्राहक आयोगाचा रस्ता जास्त कामाचा वाटला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर माहिती मिळते, ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला फी नाही, वकील लागतोच असं नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांत अर्ज करता येतो. मात्र कागद लागतो. आमच्याकडे यूपीआयची नोंद होती, फुटेज होतं, पण त्याने काय कबूल केलं ते सगळं तोंडी. म्हणून वॉट्सअॅपवर एक ओळ आधी लिहून घ्या: काय शिकवणार, कसं शिकवणार, कोण येणार. फुटेजची कॉपीही लगेच काढून ठेवा, सोसायटीच्या कॅमेऱ्यात जुनं रेकॉर्डिंग काही दिवसांत आपोआप पुसलं जातं.

तुमच्याकडे असा कोणी आला तर एवढंच विचारा: "डेमोला बेल वाजवायला आमचा भाचा येईल, चालेल?" आमच्या ट्रेनरचा एक भिडू ठाण्याच्या बाजूला फिरतोय असं ऐकून आमच्या नणंदबाईंनी त्याला हेच विचारलं. त्याने "कुत्रा कन्फ्यूज होतो" म्हटलं, बॅग उचलली आणि चहा न घेता निघून गेला.