जुना टोस्टर, जुना मिक्सर रोजच्या वापरात : काही महिन्यांनंतरचा अनुभव

आधीच सांगते, जुनी मशिनं शोकेससाठी गोळा करणं वेगळं आणि सकाळच्या घाईत त्यांच्याकडून काम करून घेणं वेगळं. मला दुसऱ्यातच रस आहे, त्यामुळे क्रोम किती चकाकतंय, खोका ओरिजिनल आहे का, वगैरे इथे मिळणार नाही. ओट्यावर टिकलेत तीनच, सनबीमचा टी-२० टोस्टर, केनवूड शेफ मिक्सर (पीठ मळणारा, फेटणारा, वाटणाचा नव्हे) आणि एक मोका पॉट, म्हणजे गॅसवर ठेवून कॉफी करायचं भांडं. मोका पॉट विजेवर चालत नाही, पण १९३३ चं डिझाईन अजून तसंच चालतंय आणि बदलायला असते ती रबरी रिंग नि फार तर जाळी, म्हणून यादीत घेतला. त्याच्याबद्दल तक्रार शून्य, पुढे चला.

टोस्टरवर मात्र मी फिदा आहे. हे मॉडेल १९४९ चं, आणि त्याला खाली दाबायचा दांडाच नाही! ब्रेड आत ठेवला की त्याच्या वजनानं स्विच लागतो, एलिमेंटची तार तापून जराशी लांबते आणि त्या लांबण्याच्या जोरावरच ब्रेड हळूच खाली जातो, भाजून झाला की करंट तुटतो, तार थंड होऊन आखडते आणि ब्रेड आवाज न करता वर येतो. मोटर नाही, इलेक्ट्रॉनिक सर्किट नाही, काही नाही. शिवाय टायमरच नाहीये, ब्रेडच्या पृष्ठभागाची उष्णता एका बायमेटल पट्टीला (दोन धातूंची, तापली की वाकणारी) लागते आणि ती ठरवते झालं की नाही. म्हणून पहिला घाणा आणि तिसरा घाणा एकाच रंगाचे निघतात, टायमरवाल्या टोस्टरमध्ये तिसरा हमखास काळा पडतो. पातळ, हलका ब्रेड वापरत असाल तर तळाशी एक स्क्रू आहे, किती वजनाला तो खाली जावा हे त्यानं जुळवता येतं.

आता त्रासाचं. हा टोस्टर १२० व्होल्टचा. २३० ला थेट लावला तर पॉवर दुप्पट नाही, साडेतीन पटीहून जास्त होते आणि एलिमेंट संपलं. म्हणजे व्होल्टेज कमी करणारा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर आला, टोस्टर हजार वॉटच्या वरचा असल्यानं तोही दणदणीत, टोस्टरपेक्षा जड आणि सतत गुणगुणणारा. फ्रिक्वेन्सी ५० की ६० याची काळजी निदान तापणाऱ्या वस्तूंना नसते, इंडक्शन मोटरच्या (साध्या पंख्यात असते तशा) वस्तूंना असते, तिथे स्पीडच बदलतो. आणखी एक गोष्ट फार कुणी सांगत नाही, ट्रान्सफॉर्मर आयसोलेशनवाला (दोन्ही बाजूंच्या वायरी एकमेकींना न जोडलेला) असेल तर त्याच्या पलीकडची गळती घरच्या बोर्डातल्या ३० मिलीअँपच्या आरसीडीला (गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचला) कळतच नाही, तेव्हा आरसीडी आहे म्हणून बिनधास्त राहू नका. अडकलेला तुकडा काढायचा तर प्लग काढूनच, बटण बंद असून उपयोग नाही, कारण एकाच वायरचा स्विच असेल तर प्लग उलटा लागल्यावर तार जिवंतच राहते.

मिक्सरचं उलटं आहे, दिसायला साधा पण कामाला राक्षस. शेफ १९५० चा, आणि ज्या रूपात तो बहुतेकांना आठवतो ते ब्रिटिश डिझायनर केनेथ ग्रेंजनं १९६० मध्ये दिलेलं. घट्ट पीठ मळताना स्पीड पडत नाही, आवाज आहे पण मोटरचा आहे, खडखडाट नाही. मुख्य म्हणजे पार्ट मिळतात, कार्बन ब्रश, रबरी पाय, सगळं. व्हिस्क (फेटायची तारेची जाळी) भांड्याच्या तळाला जेमतेम न लागेल इतका खाली हवा, दांड्यावरचा नट सैल करून उंची लावा, नाहीतर तळाला अंड्याचं पांढरं न फेटता तसंच राहतं आणि लोक मशीनला नावं ठेवतात. गिअरबॉक्समधलं ग्रीस जुनं असेल तर घट्ट गोळा झालेलं असतं, ते पूर्ण पुसून फूड ग्रेड भरा. आणि कुठल्याही जुन्या मिक्सरचे स्पीड कंट्रोलचे कपॅसिटर चालतायत तोवर चालू देत असं म्हणू नका, आधीच बदला, ते जातात तेव्हा धूर करून जातात.

बाकी दोन वस्तू वर माळ्यावर. ब्लेंडरची मोटर उत्तम आहे पण काचेच्या जारखालचं सील कडक झालंय, त्या मापाचं मिळत नाही आणि जवळपासच्या मापाचं बसवलं की गळतं. पर्कोलेटर देखणा, पण उकळती कॉफी पुन्हापुन्हा त्याच पावडरीवर ओतणारं यंत्र आहे ते, कडूच होणार, त्याचा दोष नाही.

घ्यायच्या विचारात असाल तर एक करा, दुकानात लावून दाखवला म्हणून घरी तसाच प्लगला लावू नका. कापडी वायर असेल तर बदलूनच टाका, आत पांढुरकं तंतुमय काही दिसलं तर खरवडू नका, फुंकू तर अजिबात नका, ॲसबेस्टॉस असू शकतं. मग ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) निदान १ मेगाओहम आला पाहिजे, आणि पहिल्यांदा सुरू करताना सिरीजमध्ये बल्ब, म्हणजे वीज आधी बल्बमधून जाऊन मगच वस्तूत जाईल असा जोडलेला. मोटरच्या वस्तूला बल्ब थोडा लागून मंदावला तर ठीक, पूर्ण तेजानं पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. टोस्टरला मात्र ही खूण चालत नाही, त्याचं एलिमेंट इतका करंट घेतं की बल्ब तसाही लख्खच पेटतो, तिथे मेगरवरच भिस्त. आणि तळ उलटा करून बघा, स्क्रू दिसले, म्हणजे उघडून दुरुस्त करता येणार असेल, तर बोलणी सुरू करा, नुसते रिव्हेट दिसले तर मी तरी परत ठेवते.