गेमिंग बातम्यांचं एक ॲप : तीन महिने पैसे भरून

नाव लिहीत नाही. ॲप दिसायला झकास, ट्रेलर पटकन उघडतात, जाहिराती नाहीत. पण खपाचा आकडा आला की यांचा तोल जातो.

मायक्रोसॉफ्टच्या 'स्टारफील्ड' या गेमवर मथळा होता: 'एक कोटी प्रती खपल्या!' अहो, मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये एक कोटी *खेळाडू* म्हटलं होतं. गेम पास म्हणजे त्यांची वर्गणी; ती भरणाऱ्याने या गेमसाठी वेगळा रुपया न देता दहा मिनिटं खेळून बंद केला, तरी तो खेळाडूच.

दुसरा घोळ धाडलेल्या मालाचा. मी नऊ वर्षं कोल्हापुरात डिस्कचं दुकान चालवलंय. एका फुटबॉल गेमच्या चाळीस प्रती वितरकाच्या वहीत 'गेल्या' होत्या. त्यातल्या सव्वीस माझ्या माळ्यावर, प्लास्टिकसकट. आमची ही त्यांवर पापडाचे डबे ठेवायची. निन्टेंडोच्या ताळेबंदात दुकानांकडे धाडलेला माल असतो, जपानच्या फामित्सू या गेमिंग मासिकाचा अंदाज गिऱ्हाइकाने विकत घेतलेल्या प्रतींचा. ॲपने दोन्ही आकडे एकाच तक्त्यात, शेजारी शेजारी बसवले आणि खाली निष्कर्षही काढला!

२०१३ चा 'टूम रेडर' तर यांच्या लेखी 'फ्लॉप'. चार आठवड्यांत ३४ लाख प्रती खपल्या होत्या. तो काढणाऱ्या स्क्वेअर एनिक्स कंपनीची अपेक्षा त्याहून मोठी होती, एवढंच.

चूक कळवली. उत्तरात अंगठ्याचं चित्र आलं, मथळा तसाच.

दोन तारे, तेही ट्रेलरसाठी. पुढचे पैसे भरलेले नाहीत.