पूल टेबलचा दगड आणि माझे एक लाख पासष्ट हजार

मागच्या मे महिन्यात मी घरात आठ फुटी पूल टेबल घेतलं (पूल म्हणजे बिलियर्ड्ससारखा, काठीने बॉल टेबलाच्या खिशात घालायचा खेळ), एक लाख पासष्ट हजार रुपयांना. आज त्याचा हातभर तुकडा बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या मागे उभा करून ठेवलाय, पुरावा म्हणून. बाकीच्याचं काय झालं ते पुढे येईलच.

हे लिहितोय कारण ठाण्यात घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीतल्या दोघांनी मला हौसेने विचारलं, "टेबल कुठून घेतलं हो? आम्हालाही घ्यायचंय." दोघांना जिन्यातच उभं करून सगळं सांगितलं. तिसऱ्याला परत सांगायचा कंटाळा आला.

मी सहा वर्षं स्टेशनकडच्या एका पूल पार्लरमध्ये खेळतोय. आठवड्यातून दोन संध्याकाळी, दोन-दोन तास, तासाला २४० रुपये. आणि या सहा वर्षांत माझी स्वतःची स्टिक, म्हणजे खेळायची काठी, नव्हती, हे आता सांगायलाही लाज वाटते. भिंतीवरच्या रॅकमधली त्यातल्या त्यात सरळ दिसेल ती उचलायची. तिची टिप (बॉलला लागणारं टोक) कुत्र्याच्या छत्रीसारखी पसरलेली, शाफ्टला, म्हणजे पुढच्या निमुळत्या दांड्याला, घामाचा चिकटपणा. तिथले मार्करकाका (मार्कर म्हणजे पार्लरमधली टेबलं आणि गुण सांभाळणारा माणूस; निम्मं आयुष्य त्यांचं टेबलांच्या मधल्या बोळात गेलंय) मला दर दिवाळीला सांगायचे, "साहेब, दहा-बारा हजारांची एक बरी स्टिक घ्या. टेबल काय, इथं आहेच की." मी हसून टाळायचो. लाकडाच्या काठीला दहा हजार? त्यापेक्षा घरी टेबलच आणू की.

हिशेबही केला होता. आठवड्याचे चार तास म्हणजे ९६० रुपये, वर्षाचे जवळपास पन्नास हजार. म्हणजे सव्वातीन वर्षांत टेबल फुकट. कागदावर हा हिशेब इतका देखणा दिसत होता की बायकोलाही पटला. घरी माझ्याशी खेळणार कोण, याचा रकाना त्यात नव्हता. स्टिकचाही नव्हता.

बाळकुमच्या पुढे एका गाळ्यात हा माणूस टेबलं विकतो. नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. माणूस अतिशय गोड. चहा मागवला, आणि गाळ्यात मधोमध एक टेबल कापड काढून उघडं ठेवलं होतं तिथे मला नेलं. "हात लावा दादा." लावला. मे महिन्याची दुपार, वर पत्रा तापलेला, आणि तळव्याखाली तो करडा दगड माठासारखा गार.

मग त्याने जे समजावलं त्यातला शब्द न् शब्द खरा होता, हे मी नंतर पडताळून पाहिलं. चांगल्या टेबलाचा पृष्ठभाग स्लेट दगडाचा असतो, तो लाकडासारखा हवेने फुगत नाही की वाकत नाही. मोठ्या टेबलात तो बहुतेक तीन तुकड्यांत येतो. इंचभर जाड असेल तर एकेक तुकडा साठ-सत्तर किलोच्या घरात जातो. तुकडे एका पातळीत आणून सांधे मेणाने भरतात, घासून सपाट करतात, आणि मगच कापड ताणतात. लंडनच्या थर्स्टन यांनी १८२६ मध्ये दगडाचं टेबल बनवलं, तोवर लोक लाकडावरच खेळायचे, हेसुद्धा त्यानेच सांगितलं. मी भारावून गेलो. इतकं सगळं जो शिकवतो तो कशाला फसवेल, असं वाटलं. फक्त तो जे शिकवत होता ते त्या टेबलाबद्दल होतं. माझं टेबल अजून बनायचं होतं.

नंतरचा अर्धा तास आम्ही पायांवर घालवला. सिंहाच्या पंजाचे कोरीव पाय हवेत की साधे चौकोनी? कापड हिरवं की निळं? वरती एलईडीचा दिवा? मी सिंहाचे पंजे घेतले. दिवाही घेतला. वर "तुमच्यासाठी म्हणून" चार कार्बनच्या स्टिक फुकट. आता मागे वळून बघताना कळतं, की डोळ्यांना दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर मी बारकाईने घासाघीस केली, आणि जी कापडाखाली जाणार तिच्याबद्दल नमुन्यावर हात ठेवून मोकळा झालो.

साठ हजार विसार तिथेच दिला, त्याच्या खात्यावर नाही, त्याच्या मेहुण्याच्या. "पक्कं बिल घेतलंत तर जीएसटी लागेल दादा, कशाला उगाच?" कच्च्या पावतीवर लिहिलं, "पूल टेबल ८ फूट, १ नग, सामानासहित." दगड हा शब्द नाही, स्लेट हा शब्द नाही. मीही तेव्हा वाचलं नाही, घडी करून पाकिटात घातली.

हॉल मोजायला एक पोरगा आला. आमचा हॉल अठरा फूट बाय अकरा. हे गणित त्याने मला सांगायला हवं होतं, आणि त्याने नाही सांगितलं तर मी करायला हवं होतं. आठ फुटी टेबलाची खेळायची जागा ८८ इंच बाय ४४ इंच असते. नेहमीची स्टिक ५८ इंचांची. चारही बाजूंना स्टिकइतकी जागा धरली तर खोली निदान सतरा फूट बाय तेरा फूट चार इंच हवी, शिवाय हात मागे न्यायला थोडी वर. अकरा फुटांत दोन्ही बाजूंना उरतात ४४-४४ इंच. पोरगा म्हणाला, "शॉर्ट स्टिक देतो ना सर, सगळे तसंच करतात."

टेबल आलं त्या दिवशी मी सुट्टी घेतली होती. टेम्पोतून तीन माणसं उतरली. सामान सर्व्हिस लिफ्टने दोन फेऱ्यांत वर. आमच्या आईने सगळ्यांना पोहे केले. एक पोरगा टेबलाच्या वरच्या भागाचा एक तुकडा, करड्या रंगाचा, काखेत धरून एकटाच पॅसेजमधून आला, दुसऱ्या हातात मोबाइल, त्यावर बोलत बोलत. मी दार धरून उभा होतो आणि मनात म्हणत होतो, काय तयारीचे कामगार आहेत! साठ-सत्तर किलोचा आकडा मला तोंडपाठ होता. तरीही डोक्यात दिवा पेटला नाही. मेण दिसलं नाही, पातळी मोबाइलच्या ॲपवर पाहिली, दीड तासात कापड ताणून स्टेपल मारून मोकळे. खालून सगळीकडे पातळ प्लाय ठोकलेला. "धूळ बसू नये म्हणून," म्हणाले. उरलेले एक लाख पाच हजार मी रोख मोजून दिले.

पहिला महिना मजेत गेला. पाहुणे आले, फोटो निघाले. फक्त कडेचा बॉल मारताना स्टिकचं टोक मागच्या भिंतीला ठोकायचं आणि पांढऱ्या रंगाची खपली उडायची. मग आखूड स्टिक घ्यायची, तिने हात इतका आखडायचा की पार्लरमध्ये सहज जाणारे बॉल घरी चुकायचे. त्या चार कार्बन स्टिकपैकी एकीचं काळं आवरण माझ्या पुतण्याने नखाने सोललं, आत साधं लाकूड, वर छापील प्लास्टिकचा कागद. तेव्हाही मी म्हटलं, जाऊ दे, फुकटच्या होत्या.

जुलैत पाऊस लागला. घोडबंदरची हवा ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. बॉल मधल्या खिशाकडे जाताना एका जागी किंचित उचलल्यासारखा व्हायचा आणि वाट सोडायचा. मला वाटलं, कापड सैल झालं. शेवटी एका रविवारी मार्करकाकांना जेवायला बोलावलं.

काकांनी हात धुतले, टेबलाजवळ आले, एक बॉल टेबलाच्या मधोमध ठेवला आणि बोट काढून घेतलं. बॉल थोडा वेळ उभा राहिला. मग आपला आपण निघाला, संथपणे, आणि उजव्या कोपऱ्याच्या खिशात जाऊन पडला. काका काहीच बोलले नाहीत. दुसरा ठेवला, तोही त्याच वाटेने गेला. मग त्यांनी कापडावरून तळवा फिरवला, आडवा, जसं आई कणीक झाली का बघते तसा. "इथं बघा." माझं बोट त्यांनी सांध्यावर ठेवलं. बांगडीच्या काठाएवढा उंचवटा. मग ते चक्क टेबलाखाली आडवे झाले, चावीने प्लायचा एक कोपरा उचकटला, आत हात घालून वाजवलं. ठक ठक. दारावर वाजवल्यासारखं.

संध्याकाळी आम्ही एका बाजूचे स्टेपल काढून कापड मागे घेतलं. करडा ऑइलपेंट मारलेला एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी. सांध्यापाशी चहात बुडवलेल्या खारीसारखा फुगलेला, नख लावलं की पापुद्रे निघत होते. इंग्रजांनी त्यांच्या दमट हवेत दोनशे वर्षांपूर्वी जे सोडलं, ते मी जुलैच्या ठाण्यात एक लाख पासष्ट हजारांना घरी आणलं होतं.

दुकानदाराला फोन केला. आधी "पावसात असं होतं", मग "तुम्ही पाणी सांडलं असेल", आणि शेवटी खरा पत्ता उघडला, "दगडाचं म्हटलंच कुठे? पावतीत दाखवा." पोलीस चौकीत साहेबांनी सभ्यपणे ऐकून घेतलं आणि हा दिवाणी मामला आहे म्हणून बोळवण केली. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला. तिथे तक्रार नोंदवली, दुकानदार फिरकला नाही. आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केलाय. खरेदी पाच लाखांच्या आतली असेल तर फी नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांत जावं लागतं. कच्ची पावती आणि मेहुण्याचं खातं यामुळे वकील सुरुवातीला मान हलवत होते. मग व्हॉट्सॲप उपसताना मे महिन्यातला एक मेसेज सापडला: तीन करड्या फळ्यांचा फोटो, आणि खाली त्याच्याच शब्दांत, "दादा स्लेट ३ पीस रेडी." सध्या सगळी भिस्त त्या एका ओळीवर आहे.

तुम्हाला टेबल घ्यायचंच असेल, तर आधी खोली टेपने स्वतः मोजा. पक्कं बिल घ्या, त्यावर "स्लेट, तीन तुकडे, जाडी इतकी" असं लिहून घ्या, पैसे दुकानाच्याच खात्यावर. मोठी रक्कम राखून ठेवा, आणि घरी दगड मांडून झाला, सांधे भरले, कापड अजून घातलेलं नाही, त्या क्षणी द्या. त्याआधी खालून वाजवून बघा. प्लाय ठोकू देऊ नका. सिंहाच्या पंजांवर बॉल फिरत नाही, तो पैसा दगडात, कुशनच्या, म्हणजे कडांच्या, रबरात आणि कापडात जाऊ द्या. तेवढं बजेट नसेल तर माझ्यासारखं मधलं काही घेऊ नका.

ऑगस्टमध्ये मी काकांबरोबर जाऊन स्टिक घेतली. मेपलचा शाफ्ट, १३ मिलिमीटरची टिप, वजन १९ औंस, अकरा हजार. काकांनी ती दुकानातल्या टेबलावर आडवी टाकून लोटली आणि खाली वाकून शाफ्ट आणि कापड यांच्यामधली उजेडाची फट बघत राहिले. पहिल्या दोघींची फट लपलपत होती, परत दिल्या. तिसरी एकसारखी फिरली. मग तिचे दोन तुकडे वेगळे करून तेही लोटून पाहिले. या सगळ्याला पाच मिनिटं लागली, आणि पैसे त्यानंतर दिले. पार्लरमध्ये मी आता सहा वर्षांपूर्वीचे पॉट (बॉल खिशात घालणं) मारतोय असं काका म्हणतात, म्हणजे कौतुक की टोमणा ते कळत नाही.

वकिलांनी सगळ्याचे फोटो काढून सांध्याचा एक तुकडा ठेवून घ्यायला सांगितलं. बाकीचा सांगाडा हॉल अडवून बसला होता, म्हणून दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याला बोलावलं. त्याने सिंहाचे चार पाय बाजूला काढले, एलईडीची पट्टी घेतली. मग फळीवर बोटाच्या पेराने एकदाच वाजवलं आणि वजनकाटा पिशवीतून काढलाच नाही.

"हे नको साहेब," तो म्हणाला. "हे लाकूडपण नाय. भुसा हाय."