चौकातलं फुकट वायफाय: अडीच स्टार

मी रिक्षावाला. 26 वर्षं कोल्हापुरात रिक्षा फिरवतोय. आमच्या स्टॉपसमोरच्या खांबावर फुकट वायफायची पेटी बसली, तेव्हापासून दिवसातले दोन-तीन तास तिच्याखालीच जातात. चौकाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कुणीतरी वाचायचं आणि पेटीच काढून न्यायचं.

चांगलं आधी सांगतो. सकाळी सहा-सातला नेट सुसाट पळतं. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरून रिकाम्या किटल्या घेऊन परतणारे दोघंजण रोज इथं गाडी लावतात, पुण्यातल्या नातवाला व्हिडिओ कॉल करतात आणि मग गावाकडं जातात. खांबापासून तीसेक पावलं रेंज. त्यापुढं गेलात की संपलं. संध्याकाळी राजारामपुरीतल्या क्लासची पोरं आली की एका नळाला चाळीस घागरी. तेव्हा नाद करायचा नाही.

मे 2025 मध्ये माझी पोरगी दहावी झाली. त्या वर्षीपासून अख्ख्या राज्यात अकरावीचे प्रवेश ऑनलाईन, 10 कॉलेजांपर्यंत पसंतीक्रम भरायचा. घरातला डेटा संपलेला. म्हटलं चल, फुकटचं आहे. पाऊस धो धो, ती रिक्षात मागं बसलेली, मी पडदा धरून उभा. सातवं कॉलेज टाकलं आणि नेट तुटलं. या वायफायला दिवसाला 30 मिनिटांची मर्यादा आहे, हे तुटल्यावर कळलं. "पप्पा, नुसतं गोल गोल फिरायलंय बगा." सेव्ह काहीच झालं नव्हतं. शेवटी स्टॉपवरच्या मित्राच्या हॉटस्पॉटवर परत पहिल्यापासून भरलं. मर्यादा असू दे, खरं पाच मिनिटं आधी सांगा की रे बाबांनो.

तरी हे सगळं मी चालवून घेतलं असतं. माझी खरी तक्रार भाजीवाल्या मावशींबद्दल आहे. म्हणजे त्यांच्याबद्दल नाही, त्यांच्या वतीनं.

मावशी बरोब्बर पेटीच्या खाली बसतात. अख्ख्या शहरात एवढी रेंज कुणाला नसेल. आणि त्यांना आजवर एकदाही हे वायफाय लागलेलं नाही. नंबर टाकला की ओटीपी येतो, तो भरला की नेट. मावशींच्या सिमची मुदत संपलेली. मुदत संपली की आधी आउटगोइंग जातं, थोड्या दिवसांनी इनकमिंगही, आणि त्याच्याबरोबर ओटीपीचा मेसेज. म्हणजे रिचार्ज असलेल्यालाच फुकट नेट. ज्याच्या खिशात डेटा आहे त्याला आणखी डेटा, आणि ज्याच्याकडं नाही तो नुसता खांबाकडं बघत बसणार.

एक प्राध्यापक बिंदू चौकातून रिक्षात बसले होते, त्यांना हे ऐकवलं. ते म्हणाले, "आता डेटा स्वस्त आहे हो, वायफाय कुणाला लागतंय? गूगलनं 2016 मध्ये मुंबई सेंट्रलपासून स्टेशनांवर फुकट वायफाय सुरू केलं आणि 2020 मध्ये तेच कारण सांगून हात काढून घेतला." बरोबर असेल. जीबीच्या हिशोबात स्वस्त आहेच. खरं मावशींना जीबी नको, त्यांना सिम जिवंत ठेवायचंय. महिना म्हणून 28 दिवसांचं रिचार्ज, म्हणजे वर्षात 13 महिने! त्यात जुलै 2024 मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले. दसरा चौकातून जाताना बोर्डिंगं दिसली आणि मी सरांना म्हटलं, नुसती शाळा काढून भागत नाही, गावाकडनं आलेल्या पोराला राहायला जागा पण लागते, हे शाहू महाराजांना 1901 मध्येच कळलं होतं. तसंच नुसती पेटी लावूनही भागत नाही. सर हसले. भाडं देताना सुट्टे नव्हते, ते जाऊ दे.

ओटीपी का, तर वायफाय कोण वापरतंय याची नोंद ठेवावी लागते. मान्य. पण ओळखपत्राची झेरॉक्स घेऊनही लॉगिन देता येतं. त्यासाठी तिथं माणूस लागतो, आणि पेटीला माणूस नाही. हेल्पलाईनचा स्टिकर होता, तो पहिल्याच पावसात धुऊन गेला.

पलीकडच्या गल्लीत एका झेरॉक्सवाल्यानं पीएम वाणीचं वायफाय लावलंय. दुकानातून लोकांना वायफाय द्यायची ही योजना केंद्रानं डिसेंबर 2020 मध्ये मंजूर केली. दुकानदाराला परवाना नको, नोंदणी नको, फी नको. थोडे पैसे पडतात आणि ओटीपी तिथंही आहेच. पण तिथं माणूस बसलेला असतो. अडलं की बघतो, फॉर्म अर्धा राहिला तर "बस रं, भरून जा" म्हणतो. त्याला मी चार स्टार देईन. एक कापला, कारण दुपारी दोन ते पाच शटर खाली.

मावशींचा नातू नववीत आहे. त्याच्याकडं काच फुटलेला जुना फोन आहे आणि शाळेचा अभ्यास व्हॉट्सअॅपवर येतो. ते वायफायवर चालतं, फक्त आत शिरायची पंचाईत. म्हणून रोज सकाळी तो माझा नंबर टाकतो, मी ओटीपी सांगतो. त्या दिवसाची माझी 30 मिनिटं त्याची. हे सगळं मी घरी येऊन, माझ्या रिचार्जवर टाईप केलंय.