‘सहा बाय साडेसहा’चा पलंग आणि त्यात न बसणारी गादी

गेल्या वर्षी डोंबिवलीतल्या नव्या घरासाठी आम्ही एका फर्निचरच्या दुकानातून ३४,००० रुपयांना पेटीचा पलंग घेतला. त्या पलंगावरून आणि नंतर त्याच दुकानातून घ्याव्या लागलेल्या गादीवरून आमची जी फसवणूक झाली, ती सविस्तर लिहिते आहे, कारण ती ज्या पद्धतीने झाली ती पद्धत खरेदी करताना लक्षात येत नाही आणि लक्षात येते तेव्हा बरेच पैसे देऊन झालेले असतात.

पलंग पाहताना मी स्पष्ट विचारले होते, “माप काय?” दुकानदाराने तत्काळ उत्तर दिले, “ताई, सहा बाय साडेसहा, किंग साइझ.” आपल्याकडे तयार गाद्या ७२, ७५ आणि ७८ इंच लांबीच्या, तर रुंदीला ३६, ४८, ६०, ७२ इंच अशा ठरावीक मापांत मिळतात. सहा बाय साडेसहा म्हणजे ७२ बाय ७८ इंच, हे नेहमीचे माप असल्यामुळे मी अधिक चौकशी केली नाही आणि दुसऱ्या दुकानातून त्याच मापाची स्प्रिंगची गादी मागवली. ती पलंगात बसेना. पायथ्याकडून दाबली की उशाकडून वर येई, एक बाजू आत ढकलली की दुसरी बाजू कडेवर चढे, आणि मध्यभागी कमानीसारखा फुगवटा राही. त्या दुकानाने वाहतुकीचे १,२०० रुपये कापून गादी परत घेतली, याबद्दल माझी तक्रार नाही, कारण त्यांनी सांगितलेल्या मापाची गादी दिली होती.

त्यानंतर मी प्रथमच टेप घेऊन पलंग आतून मोजला. बाहेरून तो खरोखरच ७२ बाय ७८ होता. परंतु १८ मिलिमीटरचा प्लाय दुहेरी लावून प्रत्येक कड ३६ मिलिमीटर जाडीची केलेली होती, त्यामुळे दोन्ही बाजूंना मिळून जवळपास तीन इंच गेले होते. शिवाय उशाकडच्या पाठीला लावलेली कापडी गुबगुबीत पट्टी इंचभराहून थोडी जास्त आत येत होती. गादीसाठी उरलेली जागा ६९ बाय ७४ इंच होती, आणि या मापाची तयार गादी बाजारात मिळत नाही.

दुकानदाराला फोन केल्यावर तो जराही गोंधळला नाही. “काळजी करू नका, आपण मापाची बनवून देऊ,” असे तो म्हणाला. मापाची गादी मोठ्या तयार मापातून कापावी लागते, म्हणून पैसे ७२ बाय ७८चेच पडतील आणि ती परत घेतली जाणार नाही, हेही त्याने त्याच दमात सांगितले. सहा इंची गादी, तळाला चार इंच बाँडेड फोम (रंगीबेरंगी तुकडे दाबून केलेला घट्ट फोम) आणि वर दोन इंच मऊ फोम, असे ठरवून मी १८,५०० रुपये दिले. ती घरी आणणाऱ्या मुलाला मी सहज विचारले की इतरांचेही पलंग असे निघतात का, तेव्हा तो सरळपणे म्हणाला, “आमचे सगळे पलंग असेच असतात, गादी आमच्याकडूनच घ्यावी लागते.” मापातली ती चूक नव्हती, तो ठरवून केलेला व्यवहार होता, हे मला त्या क्षणी कळले.

आलेली गादी ६८ बाय ७३ भरली. “एखादा इंच इकडे-तिकडे होतोच, दोन-तीन दिवसांत फुगेल,” असे उत्तर मिळाले. गुंडाळून, हवा काढून बंद केलेली फोमची गादी उघडल्यावर एक-दोन दिवसांत पूर्ण आकारात येते हे खरे आहे, पण आमची गादी सपाट, उघडीच आली होती, त्यामुळे तिचे फुगणे शक्यच नव्हते. या आश्वासनात बिलावर छापलेली सात दिवसांची तक्रारीची मुदत निघून गेली.

इंचभर फट म्हणजे किरकोळ गोष्ट, असे मलाही वाटले होते. परंतु गुळगुळीत सनमायकावर गादी सरकते आणि सगळी फट एकाच बाजूला जमा होते. माझी आई ७४ वर्षांची आहे आणि गुडघ्यांमुळे उठताना ती गादीच्या काठावर हात रोवून भार देते. एका पहाटे गादी सरकली, तिचा हात मनगटापर्यंत फटीत गेला आणि कडेवर गुडघा आपटला. हाड मोडले नाही, पण पुढचे तीन आठवडे तिला आधाराशिवाय चालता आले नाही. ज्या घरात तान्हे मूल मोठ्यांच्या पलंगावर झोपते, तिथे अशा फटीचा विचारही मला सहन होत नाही.

चौथ्या महिन्यात गादी कमरेच्या जागी बसली. खोळीची चेन उघडून पाहिली तेव्हा बाँडेड फोम फक्त दोन इंच होता. मधले दोन इंच टीव्हीच्या खोक्यात येतो तसला पांढरा पॅकिंगचा फोम होता, जो एकदा दबला की पुन्हा वर येत नाही.

तक्रार करताना सर्वांत मोठी अडचण बिलाची झाली. पलंगाच्या बिलावर ‘डबल बेड, १ नग’ आणि गादीच्या बिलावर ‘मॅट्रेस, १ नग’ एवढेच होते, माप नाही आणि आतले थरही नाहीत. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली आणि दुकानाला लेखी नोटीस पाठवली. मापांबद्दलची सर्व बोलणी व्हॉट्सअ‍ॅपवर झालेली होती आणि थरांचे वर्णन दुकानदाराने स्वतः तिथे लिहिलेले होते, म्हणूनच काही हाती लागले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष वस्तू बिलावरील मुदतीत परत न घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, परंतु ती मुदत मी दुकानदारावर विश्वास ठेवून घालवली होती. तक्रारीसाठी दोन वर्षांचा कालावधी असतो, आपण राहतो त्या जिल्ह्यातील ग्राहक आयोगाकडे जाता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, हे नोटिशीत लिहिल्यावर दुकानदाराने गादीचे ९,००० रुपये परत केले. पलंगाबाबत मात्र “बाहेरून माप बरोबर आहे” यावर तो ठाम राहिला.

शेवटी ओळखीच्या सुताराला बोलावले. त्याने आधी आतले दोन्ही कर्ण मोजले आणि त्यांत पाऊण इंचाचा फरक दाखवून पलंग गुण्यातही नसल्याचे, म्हणजे त्याचे कोपरे काटकोनात नसल्याचे सांगितले, त्यामुळे नेमक्या मापाची गादीसुद्धा एका कोपऱ्यात अडली असती. मग त्याने आतल्या टेकूच्या पट्ट्या तीन इंच वर घेऊन तळाच्या फळ्या कडांच्या बरोबरीला आणल्या. आता गादी कडांच्या आत न बसता त्यांच्यावर बसते, त्यामुळे ७२ इंच रुंदी पूर्ण मिळते आणि उशाकडची पट्टी सोडून लांबी ७५ इंचांहून थोडी जास्त उरते. ७२ बाय ७५ ची तयार गादी त्यावर नीट बसली. उंची वाढली म्हणून ती सहाऐवजी चार इंचांची घेतली, आईला आधी काठावर बसवून तिचे पाय जमिनीला पूर्ण टेकतात हे पाहिले, आणि खाली न सरकणारी रबरी जाळी घातली. या वेळी बिलावर लांबी, रुंदी, जाडी आणि प्रत्येक थराचे नाव लिहून घेतल्याशिवाय मी पैसे दिले नाहीत. ही गादी ज्याच्याकडून घेतली त्या दुकानदाराने ते एका मिनिटात लिहून दिले.